कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय : पत्ता निवडताना वैद्यांनी करावयाचा विचार

आयुर्वेदीय चिकित्सेत देशविचाराचे महत्त्व आपणांस नव्याने सांगावयास नको. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी वनस्पती कोणत्या भूमीतून घ्याव्यात याचे सविस्तर विवेचन आहे. जांगल, आनूप व साधारण देशांचे गुणदोष लक्षात न घेता आणलेले द्रव्य नावाने तेच असले, तरी कार्याने ते उतरत नाही. औषधाच्या बाबतीत इतका सूक्ष्म देशविचार करणारे आपण, स्वतःच्या व्यवसायाची कंपनी स्थापन करताना तिचा ‘देश’ मात्र पाच मिनिटांत ठरवून मोकळे होतो.

गेल्या काही वर्षांत अनेक वैद्यबंधु-भगिनींनी दवाखान्याच्या जोडीने औषधनिर्मिती अथवा औषधविक्री सुरू केली आहे. व्यवसाय वाढला की बँक, वितरक व घाऊक ग्राहक ‘आपली कंपनी आहे का?’ असे विचारू लागतात. मग प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढण्याचे ठरते. नाव काय असावे, भांडवल किती, संचालक कोण यांवर आठवडेच्या आठवडे चर्चा होते. परंतु नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता विचारला जातो तेव्हा ‘घरचाच लिहा’ किंवा ‘तुमच्याच ऑफिसचा टाका’ असे सल्लागाराला सांगितले जाते. या एका ओळीचे परिणाम पुढे किती दूरवर पोहोचतात, याची जाणीव करून देणे आणि योग्य पत्ता कसा निवडावा याचा क्रम समजावून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. कंपनी ही वेगळी व्यक्ती

विषयाचे मूळ समजण्यासाठी एक गोष्ट प्रथम पक्की ध्यानात घ्यावी. एकल मालकीच्या फार्मसीत वैद्य आणि व्यवसाय एकच असतात. कंपनीत तसे नसते. कंपनी ही कायद्याने निर्माण झालेली, आपल्या भागधारकांपासून व संचालकांपासून वेगळी अशी व्यक्ती असते. १८९७ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन नावाच्या चर्मव्यावसायिकाच्या खटल्यात हे तत्त्व निःसंदिग्धपणे मान्य केले आणि भारतीय कायद्यानेही ते स्वीकारले आहे. सर्व भाग आपल्या व आपल्या पत्नीच्या नावावर असले, तरी कंपनी म्हणजे आपण नव्हे.

या व्यक्तीला देह नाही. तिला नोटीस द्यावयाची, समन्स बजावावयाचे, तिच्या नोंदवह्या पाहावयाच्या तर कोठे जावयाचे? त्याचे उत्तर म्हणजे नोंदणीकृत कार्यालय. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम २० नुसार नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने, स्पीड पोस्टाने अथवा कुरिअरने पाठवून, किंवा तेथे प्रत्यक्ष ठेवून कंपनीवर कागदपत्रांची बजावणी करता येते. पाकीट त्या पत्त्यावर गेले की कंपनीला कळले, असेच सामान्यतः धरले जाते. आपण त्या वेळी तेथे होतो की नव्हतो, हा आपला अंतर्गत प्रश्न राहतो.

२. कायद्याची अपेक्षा

या विषयाचे मुख्य कलम १२ आहे. त्यातील सार पुढीलप्रमाणे सांगता येईल.

(अ) कंपनीची नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांच्या आत, आणि त्यानंतर सदासर्वकाळ, कंपनीला नोंदणीकृत कार्यालय असले पाहिजे. ते कार्यालय सर्व पत्रव्यवहार व नोटिसा स्वीकारण्यास आणि त्यांची पोच देण्यास समर्थ असले पाहिजे. येथे ‘समर्थ’ या शब्दावर भर आहे. कुलूप लावलेली खोली पत्ता असू शकते, समर्थ कार्यालय असू शकत नाही.

(आ) कार्यालयाची पडताळणी देणारा आयएनसी-२२ हा अर्ज नोंदणीपासून ३० दिवसांच्या आत कंपनी निबंधकांकडे सादर करावयाचा असतो. २०२० पासून कंपनीची नोंदणी स्पाइस प्लस या एकत्रित अर्जाद्वारे होते. त्यातच कायमचा पत्ता व त्याचे पुरावे दिले तर हे काम तेव्हाच पूर्ण होते. केवळ पत्रव्यवहाराचा तात्पुरता पत्ता दिला असेल तर मात्र ३० दिवसांची मुदत कटाक्षाने पाळावी लागते.

(इ) कलम १०अ नुसार भागभांडवलाची रक्कम जमा झाल्याची घोषणा नोंदणीपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते आणि नोंदणीकृत कार्यालयाची पडताळणीही सादर झालेली असावी लागते. या दोन्ही गोष्टी झाल्याखेरीज कंपनीला व्यवसाय सुरू करता येत नाही अथवा कर्ज घेता येत नाही. म्हणजे पत्ता अपुरा राहिला तर पहिले बिलच अडते.

(ई) कलम १२ च्या तरतुदी न पाळल्यास कंपनीस व कसूर करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास दररोज १,००० रुपये, कमाल १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लहान कंपनी व एकव्यक्ती कंपनी यांना कलम ४४६ब नुसार दंडात सवलत आहे. तथापि सवलत म्हणजे माफी नव्हे.

(उ) कंपनी प्रत्यक्ष व्यवसाय करीत नाही असे मानण्यास सबळ कारण असेल तर निबंधक नोंदणीकृत कार्यालयाची समक्ष पाहणी करवू शकतात. ऑगस्ट २०२२ मध्ये नियमांत २५ब हा नियम घालून या पाहणीची पद्धत ठरविण्यात आली. स्थानिक दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या उपस्थितीत पाहणी, आवश्यक तर पोलिसांचे साहाय्य, जागेचे छायाचित्र आणि लेखी अहवाल असा तो क्रम आहे. पाहणीत कार्यालय आढळले नाही तर कलम २४८ अन्वये कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून टाकण्याची कार्यवाही होऊ शकते.

३. चार पत्त्यांतील भेद

आपल्या व्यवसायात पत्त्यांचा घोळ होतो तो प्रामुख्याने चार भिन्न गोष्टी एक समजल्यामुळे. त्यांचा व्यवच्छेद असा :

*वैद्यकीय व्यवसायाची जागा.* वैद्याची नोंदणी ही त्याच्या व्यक्तिगत पात्रतेवर असते. ती कंपनीकडे हस्तांतरित होत नाही. दवाखाना आपल्या नावे चालत असेल तर तो कंपनीच्या पत्त्याशी आपोआप जोडला जात नाही.

*औषधनिर्मितीची जागा.* औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली मिळणारा निर्मिती परवाना विशिष्ट परवानाधारकास व विशिष्ट जागेस मिळतो. अनुसूची ‘ट’ मधील उत्तम निर्मिती पद्धतीच्या अटी, किमान १,२०० चौरस फूट आच्छादित क्षेत्र, प्रत्येक क्रियेसाठी स्वतंत्र विभाग इत्यादी, या निर्मितीस्थळास लागू होतात. नोंदणीकृत कार्यालयास नव्हे. केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास परवान्यातून सूट आहे. परंतु कंपनी ही वेगळी व्यक्ती असल्याने, कंपनीच्या नावाने औषध बाजारात येऊ लागले की ती सूट सांगता येणार नाही. वैद्याच्या व्यक्तिगत नावावरील परवानाही कंपनी स्थापन झाल्याने कंपनीचा होत नाही. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे रीतसर जावे लागते.

*वस्तू व सेवा कराची जागा.* येथे ‘मुख्य व्यवसायस्थळ’ व ‘अतिरिक्त व्यवसायस्थळ’ अशी नोंद होते. गोदाम, विक्रीचे दुकान, कारखाना ही स्थळे त्यात दाखवावी लागतात. मुख्य व्यवसायस्थळ आणि नोंदणीकृत कार्यालय एकच असले पाहिजे असा नियम नाही; परंतु एकच असल्यास कागदपत्रे सांभाळणे सोपे जाते.

*नोंदणीकृत कार्यालय.* कायद्याच्या दृष्टीने कंपनीचा हा अधिकृत निवास आहे. कलम ९४ नुसार सभासदांची नोंदवही व वार्षिक विवरणे, आणि कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके सामान्यतः येथेच ठेवावयाची असतात. पुस्तके अन्यत्र ठेवावयाची तर संचालक मंडळाचा ठराव करून ७ दिवसांत निबंधकांस कळवावे लागते.

थोडक्यात, कारखाना साताऱ्यास, विक्री पुण्यास व नोंदणीकृत कार्यालय राहत्या घरी, असे असण्यास कायद्याची हरकत नाही. हरकत आहे ती एका जागेची कागदपत्रे दुसऱ्या कामासाठी गृहीत धरण्यास.

४. जागेची निवड : पर्यायांचे गुणदोष

*(क) स्वतःच्या मालकीचे राहते घर.* नव्या लहान कंपनीसाठी हा बहुधा सर्वांत स्थिर पर्याय आहे. घरात सदैव कोणीतरी असते, टपाल चुकत नाही, भाडे द्यावे लागत नाही. नोंदणीकृत कार्यालय व्यापारी जागेतच असावे अशी अट कंपनी कायद्यात नाही. मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. सदनिका सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल तर संस्थेचे उपविधी पाहून लेखी ना-हरकत घ्यावी. कंपनी निबंधक ती मागोत वा न मागोत, प्रवेशद्वारी फलक लावताना तिची गरज पडते. घरात केवळ कागदोपत्री कार्यालय ठेवणे आणि घरातून मालाची साठवण व विक्री करणे यांत फरक आहे. दुसऱ्या गोष्टीस नगररचनेचे नियम, मालमत्ता कर व वीजदर यांचे प्रश्न येतात. घरावर गृहकर्ज असेल तर कर्जाच्या अटी वाचून पाहाव्यात.

*(ख) स्वतःच्या मालकीचा दवाखाना.* दवाखान्याची वेळ ठरलेली असते व स्वागतकक्षात माणूस असतो, म्हणून हा पर्यायही चांगला. परंतु दवाखाना दुपारी बंद असेल तर टपाल कोण स्वीकारणार हे आधीच ठरवावे. रुग्णांच्या नोंदी व कंपनीचे कागद स्वतंत्र कपाटांत ठेवावेत.

*(ग) जुन्या भाडेतत्त्वावरील वा पागडीची जागा.* येथे विशेष सावधगिरी हवी. पुण्यामुंबईतील जुन्या पेठांत व चाळींत वडिलोपार्जित दवाखाने आजही भाडेनियंत्रणाखालील जागांत चालू आहेत. भाडेकरू हे वैद्य स्वतः किंवा त्यांचे वडील असतात. त्या जागेत कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय दाखविले की, एका वेगळ्या व्यक्तीला जागेचा वापर दिला असा अर्थ लावण्यास घरमालकास संधी मिळते. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये बेकायदा पोटभाडे हे जागा परत मिळविण्याचे एक कारण मानले आहे. आणखी असे की, १ कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या खाजगी व सार्वजनिक मर्यादित कंपन्यांना दिलेल्या जागांना कलम ३ अन्वये या अधिनियमाचे संरक्षणच नाही. असा दावा टिकेल की नाही हे प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावर अवलंबून राहील. परंतु तीन पिढ्यांची जागा एका ओळीच्या पत्त्यासाठी वादात का घालावी? घरमालकाची स्पष्ट लेखी संमती नसेल तर ही जागा टाळावी, असेच माझे मत आहे.

*(घ) लीव्ह अँड लायसन्सवरील गाळा.* करार कंपनीच्या नावे असावा. कंपनी अद्याप स्थापन झाली नसेल तर नोंदणीच्या वेळी मालकाचे संमतिपत्र द्यावे व कंपनी अस्तित्वात आल्यावर तिच्या नावे करार करावा. उपरोक्त १९९९ च्या अधिनियमातील कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी जागामालकावर आहे. करारात ‘नोंदणीकृत कार्यालय म्हणून वापर’ असे शब्द स्पष्ट यावेत. करार संपण्याची तारीख दिनदर्शिकेत नोंदवून किमान दोन महिने आधी पुढील व्यवस्था ठरवावी. ११ महिन्यांच्या करारावर कंपनीचा कायमचा पत्ता उभा करणे म्हणजे दरवर्षी नव्याने पाया खणणे होय.

*(ङ) कारखान्याची जागा.* माल, माणसे व नोंदी एकत्र राहतात हा लाभ आहे. दूरच्या गावी टपाल उशिरा पोहोचते ही अडचण आहे. औद्योगिक वसाहतीतील भूखंड वैद्याच्या व्यक्तिगत नावे असेल तर कंपनीला वापर देण्यापूर्वी औद्योगिक विकास महामंडळाची परवानगी घ्यावी. ग्रामपंचायत हद्दीत असल्यास नमुना ८ चा उतारा व गट क्रमांक यांतील पत्ता जुळतो का, ते पाहावे.

*(च) सल्लागाराचा पत्ता अथवा आभासी कार्यालय.* मोठ्या शहरांत वार्षिक शुल्क घेऊन पत्ता वापरू देणाऱ्या संस्था आहेत. अशी व्यवस्था मुळातच बेकायदा आहे असे नव्हे. मालकीचा अथवा वापराच्या अधिकाराचा पुरावा, संमतिपत्र, कंपनीच्या नावाचा फलक आणि टपाल स्वीकारून पोच देणारी व्यक्ती, हे चारही असतील तर कायद्याची अपेक्षा पूर्ण होऊ शकते. परंतु शुल्क थकले किंवा सल्लागाराशी संबंध तुटले की पत्ता एका दिवसात निराधार होतो. आणि समक्ष पाहणीच्या वेळी ‘या नावाचे येथे कोणी नाही’ असे शेजाऱ्याने सांगितले तर त्याची नोंद अहवालात होते.

५. एक उद्बोधक उदाहरण

माझ्या परिचयातील एका वैद्यबंधूंनी चूर्णे व तेले यांच्या विक्रीसाठी कंपनी काढली. नोंदणीकृत पत्ता नातेवाइकांच्या भाड्याच्या सदनिकेचा दिला होता. दीड वर्षाने नातेवाईक दुसऱ्या शहरी गेले. पत्ता बदलण्याचे कोणाच्याही ध्यानात आले नाही. कंपनीच्या नोंदीतील ई-मेलही तत्कालीन सल्लागाराचा होता. पुढे सल्लागार बदलले आणि वार्षिक विवरणे दाखल होण्याचे थांबले. दवाखाना व विक्री नित्याप्रमाणे सुरू होती. नवीन यंत्रासाठी बँकेत कर्जाचा अर्ज केला तेव्हा बँकेने सांगितले की कंपनीचे नाव निबंधकांच्या नोंदवहीतून काढले गेले आहे.

नाव काढण्यापूर्वी कंपनीस नोटीस देऊन म्हणणे मांडण्यास ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. नोटीस निघाली होती. पण ती पोहोचली ती रिकाम्या सदनिकेच्या दारात. आता त्यांना कलम २५२ अन्वये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जावे लागले. व्यवसाय खरोखर चालू होता हे बिले, बँक उतारे व करविवरणे यांवरून सिद्ध करावे लागले आणि थकीत विवरणे प्रत्येकी दररोज १०० रुपयांच्या अतिरिक्त शुल्कासह भरावी लागली. कंपनी पूर्ववत झाली. मधल्या काळात खाते गोठले, दोन वितरक गेले.

हा एकट्या दुकट्याचा अनुभव समजू नये. २०१७ साली विवरणे न भरणाऱ्या सुमारे सव्वादोन लाख कंपन्यांची नावे देशभरातून काढण्यात आली होती. त्यांत बनावट कंपन्या होत्या, तशा केवळ निष्काळजीपणे चालविलेल्याही होत्या. निदानाच्या भाषेत सांगावयाचे तर विवरणे न भरणे हा येथे हेतू खरा. परंतु पूर्वरूप दिसत असतानाच उपाय करण्याची जी संधी होती, ती चुकीच्या पत्त्यामुळे हुकली.

६. कागदपत्रे

कंपनी स्थापना नियम, २०१४ च्या नियम २५ नुसार पडताळणीसाठी पुढील पुरावे लागतात.

१. जागा कंपनीच्या मालकीची असल्यास तिच्या नावाचे नोंदणीकृत मालकीपत्र, अथवा

२. भाड्याची असल्यास कंपनीच्या नावाच्या भाडेकराराची नोटरीकृत प्रत व एका महिन्याहून जुनी नसलेली भाडेपावती, अथवा

३. मालकाचे वा अधिकृत वापरकर्त्याचे संमतिपत्र आणि त्याच्या मालकीचा वा वापराच्या अधिकाराचा पुरावा;

४. याशिवाय, वीज, गॅस, दूरध्वनी यांसारख्या सेवेचे, जागेचा पत्ता दर्शविणारे व दोन महिन्यांहून जुने नसलेले देयक.

व्यवहारात अर्ज परत येतात ते बहुधा चौथ्या पुराव्यावरून. महावितरणचे देयक दिवंगत आजोबांच्या नावे, मालमत्ता कराची पावती काकांच्या नावे आणि संमतिपत्रावर सही आपली, अशी स्थिती आपल्याकडे सर्रास असते. नोंदणीचा विचार मनात येताच प्रथम वीजजोडणी व मालमत्तेवरील नावे वारसांच्या नावे करून घ्यावीत. सामाईक मालकी असेल तर सर्व सहमालकांच्या सह्या घ्याव्यात. दुसरी अडचण पत्त्याच्या लेखनाची. एका कागदावर जुना घर क्रमांक, दुसऱ्यावर सिटी सर्व्हे क्रमांक, तिसऱ्यावर केवळ इमारतीचे नाव. अर्जात लिहावयाचा पत्ता देयकाशी अक्षरशः जुळता ठेवावा. दोन्ही क्रमांक प्रचलित असतील तर संमतिपत्रात त्यांचा एकत्र उल्लेख करावा.

संमतिपत्राचा साधा नमुना पुढे देत आहे. आवश्यकतेनुसार सल्लागाराकडून तपासून घ्यावा.

*“मी/आम्ही खाली सही करणार ……, राहणार ……, असे लिहून देतो की …… (संपूर्ण पत्ता, घर क्रमांक व सिटी सर्व्हे क्रमांकासह) ही जागा माझ्या/आमच्या मालकीची असून ती …… प्रायव्हेट लिमिटेड या नियोजित/स्थापित कंपनीस नोंदणीकृत कार्यालय म्हणून वापरण्यास, तेथे कंपनीचा नामफलक लावण्यास व कंपनीचा पत्रव्यवहार स्वीकारण्यास माझी/आमची संमती आहे. ही संमती मागे घ्यावयाची झाल्यास कंपनीस किमान …… दिवस आधी लेखी कळविले जाईल. सोबत मालकीचा पुरावा व दिनांक …… चे वीज देयक जोडले आहे. दिनांक, स्थळ, सर्व मालकांच्या सह्या.”*

संमती मागे घेण्यापूर्वी सूचना देण्याचे वाक्य नियमात सांगितलेले नाही. परंतु नात्यातील जागा असली तरी ते जरूर घालावे. नाते टिकविण्यासही त्याचा उपयोग होतो.

७. फलक व पत्रशीर्ष

कलम १२(३) नुसार नोंदणीकृत कार्यालयाच्या, तसेच कंपनीचा व्यवसाय चालतो त्या प्रत्येक जागेच्या बाहेर कंपनीचे नाव व नोंदणीकृत पत्ता सुवाच्य अक्षरांत लावावा लागतो. अक्षरे स्थानिक प्रचारातील भाषेची नसतील तर त्या भाषेच्या लिपीतही लावावा लागतो. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीने दुकाने व आस्थापना यांचे फलक देवनागरी लिपीत मराठीत असणे व मराठी अक्षरे अन्य लिपीहून लहान नसणे आवश्यक झाले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्याची पूर्तता दोन महिन्यांत करण्यास सांगितले होते. फलक मराठीत करावा हे म्हणूनच दोन्ही कायद्यांच्या दृष्टीने हिताचे आहे. वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांकही प्रवेशद्वारीच्या फलकावर लिहावयाचा असतो आणि प्रमाणपत्र आत ठळक जागी लावावयाचे असते.

पत्रशीर्ष, बिले, नोटिसा यांवर कंपनीचे नाव, नोंदणीकृत पत्ता, कंपनी ओळख क्रमांक, दूरध्वनी व ई-मेल छापावा लागतो. औषधाच्या वेष्टनावर मात्र निर्मात्याचे नाव व निर्मितीचा पत्ता औषध नियमांनुसार द्यावयाचा असतो. या दोन पत्त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. वेष्टने एकदम मोठ्या संख्येने छापून घेण्यापूर्वी पत्ता किमान काही वर्षे टिकणारा आहे ना, याची खात्री करावी.

८. पत्ता बदलताना

पत्ता बदलता येतोच. परंतु अंतर वाढते तशी प्रक्रिया कठीण होत जाते.

एकाच शहराच्या वा गावाच्या हद्दीत बदल : संचालक मंडळाचा ठराव व ३० दिवसांत आयएनसी-२२.

हद्दीबाहेर परंतु त्याच निबंधकांच्या कार्यक्षेत्रात : भागधारकांचा विशेष ठराव, त्याची नोंद व आयएनसी-२२.

त्याच राज्यात परंतु दुसऱ्या निबंधकांच्या कार्यक्षेत्रात, उदाहरणार्थ मुंबईहून पुण्यास : उपरोक्त गोष्टींखेरीज प्रादेशिक संचालकांची मान्यता.

दुसऱ्या राज्यात, उदाहरणार्थ सावंतवाडीहून पेडण्यास : कलम १३ अन्वये कंपनीच्या ज्ञापनातच बदल, वृत्तपत्रांत जाहिरात, धनकोंना सूचना व शासनाची मान्यता. अंतर तासाभराचे असले तरी राज्य बदलते, आणि कंपनी ओळख क्रमांकातील राज्याची अक्षरेही बदलतात.

यावरून एक व्यवहारी सूत्र निघते. घर व कारखाना भिन्न राज्यांत अथवा भिन्न निबंधकांच्या क्षेत्रांत असतील, तर पुढील दहा वर्षे आपण कोठे राहणार याचा विचार करून पहिला पत्ता द्यावा. पत्ता बदलल्यावर वस्तू व सेवा कराची नोंद १५ दिवसांत दुरुस्त करावी. बँक, आयकर, औषध परवाना, व्यवसायकर आणि विमा यांकडेही कळवावे.

मर्यादित दायित्व भागीदारी काढणाऱ्यांनाही हे विवेचन बहुतांशी लागू आहे. २००८ च्या त्या कायद्याच्या कलम १३ मध्ये नोंदणीकृत कार्यालयाची अट आहेच; अर्ज व प्रक्रिया मात्र भिन्न आहेत.

९. निर्णयापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. ही जागा किमान पाच वर्षे आपल्या ताब्यात राहील का?
२. मालक कोण? सर्व मालकांची लेखी संमती आहे का?
३. वीज देयक, मालमत्ता पावती व संमतिपत्र यांतील नाव-पत्ता एकच आहे का?
४. गृहसंस्था, घरमालक, महामंडळ वा कर्ज देणारी बँक यांची हरकत संभवते का?
५. कामाच्या दिवशी टपाल घेऊन सही करणारी व्यक्ती कोण? तिला आवक नोंदवही दिली आहे का?
६. उद्या कोणी पाहणीस आले तर फलक, नोंदवह्या व माहीतगार माणूस तेथे सापडेल का?
७. कंपनीच्या नोंदीत दिलेला ई-मेल व भ्रमणध्वनी आपल्या स्वतःच्या ताब्यात आहे का?

सातही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर तो पत्ता योग्य समजावा. घर जुने आहे की नवे, रस्त्यावर आहे की बोळात, याला महत्त्व नाही. पाचव्या व सातव्या प्रश्नाचे उत्तर दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे. अर्जांचे नमुने व शुल्क यांत वेळोवेळी बदल होत असल्याने प्रत्यक्ष अर्ज भरताना प्रचलित नियम सनदी लेखापाल अथवा कंपनी सचिव यांच्याकडून पाहून घ्यावेत. जागेची निवड मात्र त्यांच्यावर सोपवू नये. जागेची, घराची व माणसांची खरी स्थिती आपल्यालाच ठाऊक असते.

ज्या वैद्यबंधूंची कंपनी आधीच स्थापन झालेली आहे, त्यांनी हा अंक मिटल्यावर एवढे करावे : कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आपल्या कंपनीचे नाव घालून तेथे दिसणारा पत्ता व ई-मेल वाचावा. आज तेथे आलेले पत्र आपल्या हाती पडेल असे वाटत नसेल, तर दुरुस्तीचे काम याच आठवड्यात हाती घ्यावे.